आठवी केबल

आमच्या घरात यंत्रमाग चार होते आणि माणसं सात. माग हलवता येत नसत, म्हणून माणसंच त्यांच्यामधून अंग चोरून फिरायची. सकाळी नान्ना, म्हणजे माझे वडील, बटण दाबायचे आणि खटक-खट सुरू व्हायचं ते वीज जाईपर्यंत. साखर पेठेतल्या आमच्या बोळात घराघरांतून तोच आवाज येई, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्यानं बोलणारे. आता जुळे सोलापुरातल्या या शांत फ्लॅटमध्ये राहूनही माझी ती सवय गेलेली नाही. मी फोन घेतला की नात म्हणते, "आजी, फोन कशाला लावलास, तसंच ऐकू गेलं असतं की." घरात तेलुगू, बोळात मराठी, दही घेऊन येणारी बाई कानडीतून हाका मारायची आणि समोरच्या चौकातून दखनी ऐकू यायची. कुठली भाषा कुठं संपते आणि दुसरी कुठं लागते, हे शाळेत जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

अम्माचा दिवस सुतात जायचा. रंगवून आलेल्या लडी अंगणात बांबूवर वाळत घातलेल्या असायच्या, आणि त्या वाळल्या की छटेप्रमाणे वेगळ्या करायचं काम अम्माचं आणि माझं. एक लड जरी वेगळ्या छटेची गेली तरी चादरीवर पट्टा उठतो, आणि पट्टा उठला की ती चादर वाया गेली. अम्मा दोन काळ्या लडी माझ्यापुढं धरायची आणि विचारायची, यातली खरी काळी कुठली? सुरुवातीला मला दोन्ही सारख्याच दिसत. मग ती त्या उन्हात नेई, जरा तिरक्या धरी, आणि एकीच्या अंगातून निळी झाक हळूच वर येई. दहाव्या वर्षी मला ती झाक सावलीतसुद्धा दिसायला लागली. अम्मानं त्याचं कधी कौतुक केलं नाही. "कळलं ना? मग पुढची उचल," एवढंच.

सकाळी आम्ही कडक भाकरी दह्यात मोडून खायचो, वर शेंगांची चटणी. ती चटणी अम्मा उखळात इतका वेळ कुटायची की शेंगदाण्याचं तेल सुटून तिचा ओलसर गोळा व्हायचा. आता पाकिटात मिळते ती नुसती पूड असते. चार दिवसांनी एकदा चिंचेचं आंबट पुलुसु असायचं, आणि त्या दिवशी नान्ना माग पाच मिनिटं आधी बंद करायचे. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, ताटात काही टाकायची आम्हां भावंडांची हिंमत नव्हती.

मला गणित बरं यायचं. मॅट्रिकला मार्क चांगले पडले आणि गावात नव्यानं निघालेल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला नाव लागलं. ते कॉलेज आता नाही. नान्नांनी फॉर्मवर सही केली ती एका अटीवर. भिवंडीचं एक स्थळ बोलून ठेवलेलं होतं, मुलाकडची मंडळी थांबायला तयार होती, पण शेवटच्या परीक्षेपर्यंतच. वर्गात तीस मुलं आणि मी एकटी मुलगी. पहिलं वर्षभर पुढच्या बाकावर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. दुसऱ्या वर्षी मोहोळचा बिराजदार उशिरा आला, दुसरी जागाच नव्हती, म्हणून येऊन बसला. आणि मग बसतच राहिला.

आमचे हिरेमठ सर हडकुळे, कपाळावर भस्माची फिकट रेघ, आणि डोक्यात एकच ध्यास, सोलापुरात संगणक चालला पाहिजे. त्या काळात संगणक हा शब्दही लोकांना ठाऊक नव्हता. सर कुठं कुठं पत्रं लिहीत राहिले आणि एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेनं आपला जुना, काढून टाकलेला संगणक आम्हाला द्यायचं कबूल केलं. तो ट्रकमधून आला. चार लोखंडी कपाटं, माणसाहून उंच, आत कार्डांच्या रांगा. मुलांनी तो ओंडक्यांवरून ढकलत प्रयोगशाळेत नेला तेव्हा बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती आणि कुणीतरी म्हणालं, "लई मोठं फ्रिज आणलंय की हो कॉलेजनं."

पण त्याची स्मृती, म्हणजे मेमरी, फार तोकडी होती. त्यात शिकवण्याजोगा प्रोग्राम मावायचा नाही. सरांनी मग त्याच बनावटीचं दुसरं एक मोडकं यंत्र शोधलं, त्यातलं स्मृतीचं कपाट तेवढं शाबूत होतं. ते आणून आमच्या यंत्राला जोडायचं, असा बेत ठरला. आमचं यंत्र आणि ते कपाट यांच्यामध्ये आठ जाड केबली जायच्या, प्रत्येकीत पन्नास वायरी. मूळच्या केबली कुठं गेल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्या हातानं बनवायला लागणार होत्या. आणि ज्या संस्थेनं यंत्र दिलं होतं तिची अट होती की वर्ष संपायच्या आत त्यांचे तीन प्राध्यापक येऊन ते चालताना बघतील. चाललं नाही तर ते दुसऱ्या गावच्या कॉलेजला जाईल. सर मला एकदा म्हणाले होते, "यशोदा, हे चाललं तर प्रयोगशाळेला एक डेमॉन्स्ट्रेटर लागेल. मी तुझंच नाव देणार आहे." ते मी घरी सांगितलं नव्हतं. पण भिवंडीची आठवण झाली की मी ते मनात म्हणत असे.

केबली बनवायला सरांनी कादरभाईंना आणलं.

कादरभाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म केबल जोडण्यात गेलेला. साठी उलटलेली, पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला पायजमा, खांद्यावर कातड्याची पिशवी. इंग्रजी वाचता येत नव्हतं. हिरेमठ सरांनी नकाशे पसरले तेव्हा त्यांनी ते शांतपणे बघितले आणि म्हणाले, "साहेब, ह्ये मला नक्को. कुठली टाचणी कुठल्या टाचणीला जायची, एवढंच तोंडी सांगा." प्लगातल्या पिनांना ते टाचण्या म्हणत. सर सांगत गेले आणि ते मान हलवत गेले. आठवड्यानं विचारलं तर चारशेच्या चारशे जोड पाठ. मेणाच्या दोऱ्यानं ते वायरींची जुडी अशी बांधत की प्रत्येक गाठ सारख्या अंतरावर, वळणावर वायरी एकमेकींवर न चढता शिस्तीत वळलेल्या. आमच्या वर्गातल्या मुलांना ते काम म्हणजे वायरमनचं काम वाटे, ती लांबून बघायची. मी जवळ जाऊन बसले. का ते सांगता येणार नाही. कदाचित घरी सूत बघायची सवय होती म्हणून. चार दिवसांनी त्यांनी सोल्डरिंगचा लोखंडी दांडा माझ्या हातात दिला. तिसरी केबल निम्म्याहून अधिक मी केली आहे.

त्यांचे नेम होते. मुख्य स्विचला एक छोटं कुलूप असे आणि त्याची चावी त्यांच्या बंडीच्या खिशात. कुणाचाही हात वायरीत असेपर्यंत ती खिशातून निघत नसे, मग प्रिन्सिपॉलसाहेब का उभे असेनात. दुसरा नेम तपासणीचा. सेल, टेलिफोनची जुनी घंटी आणि दोन लांब वायरी. एका माणसानं केबलच्या या टोकाला बसायचं, दुसऱ्यानं कपाटामागं त्या टोकाला. इकडच्यानं आकडा पुकारायचा, दोघांनी आपापल्या टोकाला त्या आकड्याच्या टाचणीला वायर लावायची. जोड बरोबर असेल तर घंटी वाजते. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. मग शेजारच्या टाचण्यांनाही लावून बघायचं, तिथं ती गप्प राहायला हवी. "वाजायची तितं वाजली पायजे," कादरभाई म्हणत, "आन् नको तितं मुकी ऱ्हायली पायजे. दोन्ही बघितलं तर तपासलं म्हणायचं." दुपारभर त्या प्रयोगशाळेत तीच घंटी चालायची, ट्रिंग, मग शांतता, मग "बोल", "बोला", ट्रिंग. मला अजून कधी कधी झोप लागताना ती ऐकू येते.

आणि तिसरा नेम सगळ्यांत कडक. ज्यानं जोडलं त्यानं तपासायचं नाही. एकदा दुपारी डबे उघडून आम्ही पायरीवर बसलो होतो. त्यांच्या डब्यात आंबट डाळीचा दालचा, माझ्या डब्यात भाकरी, आणि एव्हाना आमची देवाणघेवाण सुरू झालेली. मी विचारलं, "कादरभाई, तुम्हीच केलेली केबल तुम्ही तपासली तर काय बिघडतं? तुमच्याहून चांगलं कोण बघणार?"

घास गिळून ते म्हणाले, "करकंबला होतो तवा. जवान होतो. पावसात केबल सडली, मी नवी जोडली. माझी मीच तपासली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी एका घरातनं डॉक्टरला फोन लावला. बाई अडली होती. फोन वाजत ऱ्हायला, वाजत ऱ्हायला, कुणी उचलंना. दोन जोड्या अदलाबदल झाल्या होत्या बेटा. डॉक्टरचा फोन भुसाराच्या बंद दुकानात वाजत होता."

"मग? त्या बाईचं काय झालं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आपली चूक आपल्याला ओळखीची वाटती. म्हणून ती दिसत न्हाय. दुसऱ्याला दिसती." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. बाईचं काय झालं ते त्यांनी मला पुढंही कधी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या केबली मी आणि बिराजदारनं तपासायच्या, दोघांनी मिळून केलेली तिसरी सरांनी आणि बिराजदारनं, असं ठरलं. सात केबली पाहुणे यायच्या आधी तपासून झाल्या. आठवीचा मात्र घोळ झाला. तिचा प्लग बाहेरगावाहून यायचा होता तो शुक्रवारी संध्याकाळी हाती पडला. पाहुणे शनिवारी सकाळी यायचे. कादरभाई शनिवारी उजाडताच आले आणि दहा वाजेपर्यंत त्यांनी एकट्यानं पन्नास जोड पुरे केले. ही केबल महत्त्वाची, कारण हिच्यातूनच स्मृतीच्या कपाटाला वीज जायची. निळ्या वायरीतून तीस व्होल्ट जायचे आणि काळीतून ते परत यायचे.

मी पोचले तेव्हा पाहुण्यांचा चहा चालला होता. व्हरांड्यातून जाताना प्रिन्सिपॉलसाहेबांचा आवाज कानी पडला. ते हिरेमठ सरांना सांगत होते, "आजचं निभावू द्या. मग त्या म्हाताऱ्याचं काय ते बघू. कुलपं लावून बसतो, जसा काही कॉलेजचा मालक."

साडेदहाला सगळे प्रयोगशाळेत आले. तीन प्राध्यापक, त्यांतले एक अगदी वयस्क, पांढऱ्या केसांचे, उत्तम इस्त्रीची पँट. मागं आमचा सगळा वर्ग. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोन वाक्यांचं भाषण केलं आणि स्विचकडं हात दाखवला. "हं, करा सुरू."

कादरभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. बसल्या जागेवरून म्हणाले, "आठवी तपासायची हाय साहेब."

"ती कुणी केली?"

"मी."

"मग तुम्ही केल्यावर आणखी काय तपासायचं? तीस वर्षांचा तुमचा अनुभव!" प्रिन्सिपॉलसाहेब पाहुण्यांकडं बघून हसले. पाहुणे हसले नाहीत.

"तासभर लागंल," कादरभाई म्हणाले. "यशोदा हितं बसंल, बिराजदार तितं. चावी तवर न्हाय निघायची."

हिरेमठ सरांचा चेहरा पाहवत नव्हता. एकीकडं साहेब, दुसरीकडं म्हातारा. त्यांनी घाम पुसला, "शिवा, शिवा" म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "बस, यशोदा." प्रिन्सिपॉलसाहेब पाहुण्यांसाठी खुर्च्या मागवायला बाहेर गेले.

मी केबलपाशी मांडी घालून बसले. बिराजदार कपाटामागं शिरला. मी आकडे पुकारायला लागले. एक. ट्रिंग. शेजारी मुकी. दोन. ट्रिंग. सगळ्यांच्या नजरा पाठीवर टोचत होत्या. वीस झाले, तीस झाले, सगळं बिनचूक. मलाच वाटायला लागलं, उगीच चाललंय हे, कादरभाईंचं काम कधी चुकतं का. मी पस्तीस म्हणाले, छत्तीस म्हणाले. सदतीस म्हणाले आणि घंटी वाजली नाही.

"बोल," आतून बिराजदार म्हणाला.

"सदतीस," मी पुन्हा म्हणाले. काही नाही. मी माझी वायर शेजारच्या अडतीसला लावली आणि ट्रिंग झालं.

मी वाकून प्लगच्या आत पाहिलं. सदतीसवर निळी हवी होती, तिथं काळी होती. अडतीसवर काळी हवी होती, तिथं निळी. गडद निळी, जवळजवळ काळीच. सोल्डर अगदी कादरभाईंचं, गोल, चकचकीत. मी हात तसाच धरून बसले. स्विच दाबला असता तर तीस व्होल्ट उलट्या वाटेनं स्मृतीच्या कपाटात शिरले असते. ते कपाट दुसरं मिळणारं नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि खरं सांगते, त्याच्याही आधी दुसरी गोष्ट आली होती. व्हरांड्यात ऐकलेलं वाक्य. बिराजदार कपाटामागं, त्याला रंग दिसत नव्हते. जमलेल्यांना घंटी दिसत होती, वायरी नव्हत्या. "एक जोड ढिला आहे, दांडा द्या" असं मी म्हटलं असतं तर दोन मिनिटांत अदलाबदल करून मोकळी झाले असते. कुणाला पत्ताही लागला नसता.

मी उठले आणि कोपऱ्यात गेले. खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "कादरभाई, सदतीस आणि अडतीस. निळी-काळी उलट झालीय. मी सांगू का, ढिली आहे म्हणून?"

ते उठून केबलपाशी आले, प्लग उचलला, खिडकीशी नेला, उजेडात फिरवला. डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. मी बघत होते. त्यांना त्या दोन वायरींत फरक दिसत नव्हता. भर अकराच्या उन्हात दिसत नव्हता. प्लग माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "निळी कंची, दाखव." मी बोट ठेवलं.

ते वळले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, पण ओरडून नाही, म्हणाले, "साहेब, चूक सापडली. दोन वायरी उलट्या लागल्यात. चूक माझ्या हातची हाय. ह्या पोरीनं धरली."

मागं एक मुलगा हसायला लागला आणि आपोआप थांबला. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "म्हणजे आपण सुरू केलं असतं तर?"

"गेलं असतं," हिरेमठ सर म्हणाले. "घड्याळाकडं बघायलाही वेळ मिळाला नसता."

मी दांडा कादरभाईंपुढं धरला. त्यांनी हात मागं घेतला. "मला नक्को. तू जोड."

मी दोन्ही जोड सोडवले आणि नीट लावले. सोल्डर चांगलं बसलं. आता पुढं बारा वायरी तपासायच्या होत्या आणि मी दोन पुन्हा जोडल्या होत्या, म्हणजे नेमाप्रमाणे मला तिथं बसता येत नव्हतं. मी तसं म्हणाले. प्रिन्सिपॉलसाहेब कळवळून म्हणाले, "अहो, आता पुरे की!" तेव्हा ते पांढऱ्या केसांचे प्राध्यापक खुर्चीवरून उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं, म्हणाले, "मी बसतो," आणि त्या इस्त्रीच्या पँटनिशी खाली फरशीवर माझ्या जागी बसले. कादरभाईंकडं मान वर करून त्यांनी विचारलं, "सदतीसपासून घेऊ का?"

"पैल्यापासून घ्या साहेब," कादरभाई म्हणाले. "हात लागला म्हंजी केबल नवी."

आणि त्यांनी घेतलं, पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांपुढं ते दृश्य अजून तसंच आहे. परगावचे मोठे प्राध्यापक फरशीवर बसून आकडे पुकारताहेत, कपाटामागून मोहोळचा बिराजदार भीत भीत "बोला साहेब" म्हणतोय, आणि स्टुलावर कादरभाई, मान खाली, डोळे मिटून, नुसती घंटी ऐकत. पन्नास वेळा वाजली. नको तिथं एकदाही वाजली नाही.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढली, बिस्मिल्ला म्हणून कुलूप उघडलं आणि बाजूला झाले. सरांनी स्विच दाबला. आधी पंखे फिरायला लागले, मग एकेका कपाटावरचे दिवे लागले, आणि शेवटी नव्या कपाटावरचा हिरवा. सरांनी प्रोग्रामची भोकं पाडलेली कागदी पट्टी यंत्रात घातली. काही क्षण काहीच झालं नाही. मग टंकयंत्र खडखडलं आणि एकापासून शंभरापर्यंतच्या आकड्यांचे वर्ग कागदावर उमटायला लागले. एक, चार, नऊ, सोळा. मुलांनी टाळ्या पिटल्या. सर भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी कोपऱ्यात पाहिलं तर स्टूल रिकामं.

ते पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"डोळ्याला कधीपासनं आहे?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. हिरवं-लाल कळतंय. निळं आन् काळं एक झालंय."

"मग सरांना सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. मग केबली कुणी केल्या असत्या?" "तुला वाटलं असंल, तू येऊन बसलीस म्हणून मी तुला धरलं. न्हाय. पैल्या दिवशी मी साहेबाला विचारलं, पोरांत मागवाल्याच्या घरचं कोण हाय. म्हणले, एक पोरगी हाय. म्हटलं, मग तीच पायजे तपासायला. सुतात वाढलेलीचा रंग चुकत न्हाय." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "डोळ्यावर माझा भरोसा न्हवता बेटा. नेमावर होता."

त्यांना ती गोष्ट लपवायची होती, आणि ज्यामुळं ती उघडी पडेल अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी करून ठेवली होती. हे मला तेव्हा तिथल्या तिथं कळलं असं म्हणणार नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा मी एका मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख होते आणि माझ्या हाताखालचे लोक आपल्या चुका माझ्यापासून लपवत होते.

यंत्र आमच्याकडंच राहिलं. त्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी जाताना प्रिन्सिपॉलसाहेबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते ठाऊक नाही, पण "म्हाताऱ्याचं बघू" ही भाषा पुन्हा ऐकू आली नाही. मला परीक्षेनंतर डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली. नान्ना दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी भिवंडीला स्वतः पत्र लिहिलं की मुलगी नोकरीला लागली, तुम्ही दुसरीकडं बघा. अम्मा म्हणाली, "तिथं पण दोरेच बघतेस ना? मग काय वाईट." कादरभाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर झालं. मी आणि बिराजदार दवाखान्यात बसलो होतो.

पट्टी निघाल्यावर काही आठवड्यांनी ते प्रयोगशाळेत आले. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. नव्या वर्षाची मुलं होती, मी त्यांना शिकवत होते, साडी नेसून, हातात खडू. त्यांनी मला मानेनंच चालू दे म्हणून खुणावलं, यंत्र बंद होतं त्याला आपलं कुलूप लावलं, आणि एकेका केबलीचा प्लग उघडून बघायला बसले. पहिली, दुसरी. तिसरीपाशी बराच वेळ गेला. मग त्यांनी मला बोलावलं.

"एकवीस नंबर. वाजतीया, पन सोल्डर नुसतं वर बसलंय. आत धरलेलं न्हाय. उन्हाळ्यात सुटंल." त्यांनी नखानं वायर जराशी हलवली आणि ती खरोखर हलली. "कुणी जोडली ही?"

मी खाली बघितलं. चाळीस मुलं माझ्याकडं बघत होती. काही महिन्यांपूर्वी मी त्यांच्यासारखीच विद्यार्थिनी होते आणि आज त्यांची बाई होते. "माझी आहे," मी फक्त कादरभाईंना ऐकू जाईल एवढंच म्हणाले.

"मला न्हाय," कादरभाई म्हणाले. चष्म्याआडून त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते आणि त्यांत राग मुळीच नव्हता. "पोरांस्नी सांग."

मी वर्गाकडं वळले. मागांच्या गोंगाटात वाढलेली मी, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा माझा आवाज. तीन वेळा घसा खाकरला, तरी तो निघेना. हातातला खडू मोडला. चवथ्यांदा कसंबसं "चूक माझी आहे" एवढे तीन शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि तेव्हा कुठं मला समजलं की त्या शनिवारी, परक्या साहेबांसमोर, आयुष्यभराची कमाई पणाला लावून, हा माणूस ते वाक्य एका दमात बोलून गेला होता.